टाच टेकली की

मॅरेथॉनच्या तयारीसाठी दादा धाकट्या बहिणीला अनवाणी पळवायचा. तिची टाच आधी टेकली की मागून सायकलवरून पोटरीवर छडी बसायची. "चवड्यावर पळ, म्हशी," एवढंच त्याचं शिकवणं.

आज छडी जुन्या वळावरच बसली, कातडी फाटली आणि तिचं डोकं फिरलं. तिने वळून सायकलीला लाथ घातली. दादा खडीवर तोंडघशी आपटला, ओठ फुटला. पाठीवर गुडघा रोवून तिने त्याचे बूट ओढून काढले, नाल्यात भिरकावले आणि छडी उचलली.

"ऊठ. घरापर्यंत पळ."

"अगं, पाय सोलून निघतील माझे."

"माझे निघाले तेव्हा म्हणालास, कातडी येते परत."

तो पळाला. पहिल्याच पावलाला त्याची टाच टेकली. तिने हात राखला नाही.