रूडीच्या भिंतीवरची तीस-तीस

भिंतीवर टांगलेल्या बंदुकीला दुसरं काम नसतं, म्हणून बोलतेय. माझं नाव तीस-तीस, माझ्या काडतुसावरून पडलेलं. सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेकडच्या आमच्या जंगलात एवढं नाव पुरतं. इथं कुणी नुसतं 'तीस-तीस' म्हणालं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि खालची पोलादी कडी उभी राहते. ती कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर घेतली की नवं आत जातं. मी दिसायला देखणी आहे. उगाच विनय दाखवायची मला सवय नाही.

कारखान्यातून आले ती थेट आर्विड लाहतेलाच्या हातात. आर्विड लाकूडतोड्या होता. त्याचा बाप फिनलंडमधून रशियनांच्या जाचाला कंटाळून इकडे आलेला. आर्विड बोलायचा कमी आणि बंदूक चालवायचा त्याहून कमी. नोव्हेंबर लागला की सीडरच्या झाडांच्या दाटीत ओंडक्यावर जाऊन बसायचा. हरीण अगदी जवळ येईपर्यंत हलायचा नाही. मग एक बार, आणि संपलं. संध्याकाळी त्याची बायको काळीज कांद्यावर परतायची. हिवाळाभर त्या घराला मांस विकत आणावं लागत नसे.

त्याला दोन मुलं. थोरली वर्ना, धाकटा रूडी. रूडीला थंडी सोसायची नाही. एकदा बापाबरोबर जंगलात आला, तर पाय गारठले म्हणून दुपारच्या आत घरी परतला आणि चुलीपाशी बसून गोड पाव खात राहिला. वर्ना मात्र मागे लागून जायची. मला कसं चालवायचं, हे तिला आर्विडनंच शिकवलं. खांद्याला घट्ट धरायचं, श्वास अर्धा सोडायचा, चाप ओढायचा नाही तर दाबायचा. रूडी पुढे मिलवॉकीला गेला आणि लोकांच्या घरात गरम हवेची यंत्रं बसवून देऊ लागला. आर्विड वारला तेव्हा मी वर्नाकडे राहिले. रूडीनं मला मागितलंही नाही.

वर्नाबरोबरची माझी वर्षं चांगली गेली. ती शाळेत मुलांचं जेवण रांधायची. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. शरद आला की सुट्टी काढून जंगलात यायची आणि बापासारखीच बसून राहायची. मला तेल वेळेवर मिळायचं. आणखी काय हवं असतं बंदुकीला?

मग एका हिवाळ्यात सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरचा बर्फ खरवडताना ती खाली पडली. उजव्या हासळीचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. नेमकं तिथंच माझा दस्ता टेकतो. माझ्या दस्त्याच्या टोकाला पोलादाची पट्टी आहे, रबर नाही. माझा दणका फार मोठा नाही, पण मोडून जुळलेल्या हाडाला त्यातला फरक कळत नाही. पुढच्या नोव्हेंबरात वर्ना मला खांद्याला लावायची आणि चाप दाबायच्या आधीच तिचे डोळे मिटायचे. अंग आक्रसायचं. तिला कळत होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही.

तशीच एक गोळी हरणीच्या पोटात खाली लागली. वर्ना अंधार पडेपर्यंत माग काढत राहिली. वरून बर्फ पडत होता, माग बुजत होता. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी हरणी दाखवली. मांस वाया गेलेलं. वर्ना तिच्याजवळ बर्फात बसली आणि तिनं हातमोजा काढून हरणीच्या कानावर हात ठेवला. घरी येऊन तिनं मला नीट पुसलं, कपाटात ठेवलं आणि काडतुसांचा डबा वरच्या फळीवर मागे ढकलला.

आता इथून पुढे माणसांचा मूर्खपणा सुरू होतो.

रूडी निवृत्त होऊन गावी परतला. येताना पानापानांच्या नक्षीचे कपडे, नराला वासानं भुलवायला हरणीच्या मुताच्या बाटल्या आणि मतं घेऊन आला. मतांचा साठा सगळ्यात मोठा. मिलवॉकीत राहून त्याला आपण जंगलातला माणूस असल्याचा साक्षात्कार झाला होता. वर्ना दुसरी, हलकी बंदूक घेणार आहे हे कळल्यावर तो तिच्याबरोबर ऑरिन बोद्रीच्या बंदुकांच्या दुकानात आला. तिनं मोजमापासाठी मलाही बरोबर नेलं आणि काउंटरवर आडवी ठेवली. तिथं कॉफीचे पेले घेऊन उभी राहणारी तीन-चार माणसं रोज असतात. त्यांच्यापैकी किती जणांनी इतक्यात हरीण मारलं होतं, हे विचारू नका. पण वेग, वजन, ताकद, सगळे आकडे त्यांना तोंडपाठ.

ऑरिननं आधी माझ्याहून मोठं, जोरकस काडतूस सुचवलं. दस्त्याला जाड रबर लावलं की काही जाणवत नाही म्हणाला. ऑरिनची स्वतःची हासळी शाबूत आहे. दुसऱ्या एकानं त्याहूनही मोठं सांगितलं. पेला जितका मोठा, तितकं त्याचं काडतूस मोठं. वर्नानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग तिनं मागच्या मांडणीवरच्या एका बुटक्या बंदुकीकडे बोट दाखवलं. काळ्या प्लास्टिकच्या अंगाची, आखूड, झाडूच्या दांड्यासारखी दिसणारी. तिला लागणारं काडतूस होतं सात-बासष्ट. मुळात ते रशियन सैनिकांसाठी घडवलेलं. पिस्तुलाहून दांडगं आणि जुन्या जड रायफलींच्या काडतुसाहून आखूड, असं मधल्या ताकदीचं.

रूडीला जणू कुणी चापट मारली.

"रशियन काडतूस?" तो म्हणाला. "आजोबा ज्यांच्यापासून जीव घेऊन पळाले, त्यांचं काडतूस तू बाबांच्या जंगलात आणणार?"

"हरणाला रशियन येत नाही, रूडी," वर्ना म्हणाली. "त्याला काही कळणार नाही."

पेलेवाले हसले. रूडी हसला नाही. हे खारी मारायचं खेळणं आहे, असं तो सांगत सुटला. बाबांनी आयुष्यभर तीस-तीस वापरली, दणका सोसवत नसेल त्यानं जंगलात जाऊच नये, हेही. ते ऐकताना मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आठवलं, हे कोण बोलतंय. माझा दणका ज्यानं कधी सोसलाच नव्हता, तो.

वर्नानं ऑरिनला एवढंच विचारलं, की आपल्या जंगलात हरीण किती लांबून दिसतं? ऑरिन मान खाजवत म्हणाला, की फार तर तुझ्या स्वयंपाकघरापासून सौनापर्यंतच्या अंतरावर, पुढे सगळी झाडंच. तेवढ्यात हे काडतूस काम करतं का? करतं, तो म्हणाला, पण सैनिकांची कठीण गोळी घेऊ नकोस, शिकारीची मऊ टोकाची घे. आणि लांबचं हरीण दिसलं तर जाऊ दे. जाऊच देणार, वर्ना म्हणाली.

दुकानाच्या मागे झाडाला कागदी ताटली टांगून तिनं तीन बार केले. तिन्ही भोकं ताटलीच्या मधोमध, एकमेकांच्या शेजारी. ती परत आली तेव्हा खांदा चोळत नव्हती.

"माझे डोळे उघडे राहिले," ती म्हणाली. "ही दे."

एवढी साधी गोष्ट त्या दुकानात एकाच्याही लक्षात आली नव्हती. सगळे बंदुकीची ताकद मोजत होते. चाप दाबताना माणसाचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

रूडीनं मला काउंटरवरून उचललं. "तू बाबांना टाकतेयस तर मी घेतो," म्हणाला. वर्नानं घरी येऊन काडतुसांचा डबाही त्याच्या हातात दिला. अशी मी रूडीची झाले. मला कुणी विचारलं नव्हतं. बंदुकीला विचारतात कुठे?

शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी दोघं जंगलात गेली, वर्ना ओढ्याच्या वरच्या अंगाला, रूडी आणि मी खाली. रूडीनं त्या आधी एकदाही माझ्यातून बार काढून पाहिला नव्हता. बाबांचा मुलगा असल्यावर सरावाची गरज नसते, अशी त्याची समजूत. आडोशाला बसल्या बसल्या त्यानं मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाल्ली, कागदाचा खळखळाट केला, मग गारठलेल्या पायांनी जमीन बडवत राहिला. एवढं होऊनही एक नर समोर आला, आणि तोही अगदी जवळ. हरणंसुद्धा कधी कधी मूर्ख असतात.

रूडीनं मला खांद्यापासून जरा लांब धरलं, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. ओढला, दाबला नाही. पोलादी पट्टी त्याच्या दंडावर आदळली. नर लंगडत झाडीत गेला. मागचा पाय लोंबत होता.

रूडी उभा राहिला, दंड चोळला आणि मोठ्यानं स्वतःलाच म्हणाला, की चुकली, लागलीच नाही. मग बर्फावरचं रक्त त्यानं पाहिलं. मी सांगते, त्यानं ते पाहिलं. पाहून तो वळला आणि गाडीच्या दिशेनं चालू लागला.

वर्ना वाटेतच भेटली. बार ऐकून आली होती.

"लागली?"

"नाही. साफ चुकली."

ती त्याच्या शेजारून पुढे गेली. रक्तापाशी थांबली, वाकली, मग मागे न बघता मागावर चालू लागली. रूडीला तिच्यामागून जावंच लागलं, मला काखेत धरून. ओढा ओलांडला, दलदल ओलांडली. ती भराभर चालत होती आणि हा धापा टाकत होता. शेवटी पडलेल्या झाडाच्या आड नर दिसला. तीन पायांवर उभा, मान खाली. वर्ना झाडाला टेकली, प्लास्टिकची ती दांडी खांद्याला लावली आणि थांबली. त्यानं मान वळवेपर्यंत थांबली. मग एक कोरडा, लहानसा आवाज झाला. नर जागेवर बसला आणि पुन्हा उठला नाही.

त्या आवाजाला मी दुकानामागे हसले होते. त्या दिवशी हसले नाही.

वर्नानं रूडीला सुरी दिली आणि पोट कसं फाडायचं ते दाखवलं. दोघांनी मिळून नर ओढत नेला. वाटेत ती त्याला एका शब्दानंही टाकून बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. कारण महिन्याभरात रूडीनं शिंगं भिंतीवर लावली, त्याखाली मला टांगलं आणि माझ्याखाली पितळी पाटी ठोकली. 'बाबांची तीस-तीस. एक बार.'

एक बार! आयुष्यात मी बरंच काही सोसलं, गंज, बर्फ, घामेजले हात. पण ती पाटी मला गोळीसारखी लागली. जो येईल त्याला रूडी माझ्याखाली उभा करून गोष्ट सांगायचा. दर वेळी नर मोठा व्हायचा आणि अंतर वाढायचं. शेवटी शेवटी तर तो ओढ्यापलीकडे उभा असायचा.

एका रविवारी शेजारचं जोडपं कॉफीला आलं होतं. वर्नाही होती. रूडीनं नेहमीची गोष्ट सांगितली. शेजारी माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाला, की जुन्या बंदुकीची बातच वेगळी, एका बारात काम तमाम.

"दोन," वर्ना म्हणाली. तिनं पेला खाली ठेवला. "पहिली गोळी याची, पायाला. दुसरी माझी."

रूडी उठून कॉफी बघायला आत गेला. कॉफी टेबलावरच होती.

पाहुणे गेल्यावर तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. पाटी काढली, खिशात टाकली. वर्ना कोट घालत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझी ती बुटकी एक दिवस हातात देशील? मला डोळे मिटायची खोड आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "शनिवारी ये. पायात जाड मोजे घाल."

मी इथंच आहे. माझ्याबद्दल हळहळू नका, मला हळहळणाऱ्यांचा तिटकारा आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी टांगलेली असेल, तर एवढीच विनंती, तिच्याखाली उभं राहून बढाया मारू नका. आम्हाला ऐकू येतं आणि मधे बोलून खोडून काढता येत नाही. तिला विकलंत तरी चालेल. धड खांद्याच्या, उघड्या डोळ्यांच्या माणसाला विका, म्हणजे झालं.

पुन्हा नोव्हेंबर आलाय. सकाळी रूडी जाड मोजे घालून, वर्नासारखीच स्वतःसाठी घेतलेली नवी काळी बंदूक कपाटातून काढून वर्नाबरोबर बाहेर पडला. जाताना माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मघाशी ओढ्याच्या बाजूनं एक बार ऐकू आला. लहान, कोरडा. तो बहिणीचा की भावाचा, हे भिंतीवरून सांगता येत नाही. मी दुसऱ्या बाराची वाट पाहत राहिले.

दुसरा आला नाही.