माझ्या फळीखालच्या अकरा ओळी

मित्रांनो, मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे आणि मी सिनेमात काम केलेलं आहे. हसू नका. सुताराने मला घाईत उरकलं, एक पाय आखूड ठेवला, त्यामुळे जन्मभर मी लंगडतच उभी राहिले. एका नव्या संसारात माझी नेमणूक स्वयंपाकघरात झाली. माझ्यावर चढून डबे काढले, दिवे बदलले, पाहुणे वाढले की मला बाहेर नेलं. "खुर्ची भक्कम आहे हो," एवढं कौतुक माझ्या वाट्याला आलं. घरातल्या आईच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

सगळी आपापल्या कामाला गेली की कधी कधी ती बाहेरचे कपडे घालायची, पिशवी भरायची आणि माझ्यावर बसून चपलांचे पट्टे लावायची. ती घर सोडून निघालेली असायची. तासाभराने परत यायची, पिशवी रिकामी करायची. मग मला उलटी करून, मुलीच्या पेन्सिलीच्या तुकड्याने बसायच्या फळीखाली लिहायची. आधी तारीख, पुढे "गेले. आले." तिथे कोण बघणार? अशा अकरा ओळी झाल्या. अकराव्या खेपेला ती बसमध्ये चढली. त्या ओळीत "तिसऱ्या थांब्यापर्यंत" असं लिहिलं आहे. त्या दिवशी मुलगी शाळेच्या फाटकापाशी एकटीच रडत उभी होती. आई धावत पोचली आणि म्हणाली, "डोळा लागला गं माझा." त्यानंतर ती कधीच निघाली नाही.

पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मुलगी मोठी होऊन सिनेमे करू लागली. आईवरच सिनेमा काढायचा ठरला, तेव्हा तिने मला खाली उतरवलं. मला वाटलं, आता तरी कुणी मला उलटी करून बघेल.

सिनेमातली आई खिडकीशी माझ्यावर बसते, चहाच्या वाफेकडे बघते आणि मंद हसते. मग शाळेचा प्रसंग येतो. आईला डुलकी लागते, दूध उतू जातं, तिकडे पोरगी ताटकळते. गमतीचा प्रसंग म्हणून लिहिलेला. त्याचं चित्रीकरण बघायला खरी आई आली होती.

"आई, असंच झालं होतं ना?" मुलीने विचारलं.

आईने हातातला पेला खाली ठेवला. "त्या दिवशी माझा डोळा लागला नव्हता."

"म्हणजे?"

तेवढ्यात दिवे तयार असल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. मुलीची मान तिकडे वळली.

"काही नाही. चालू दे तुझं."

मी जीव तोडून कुरकुरले. पण मी बोलूनचालून लाकूड. आवाज येतोय म्हणून त्यांनी माझ्या आखूड पायाला रबराचा तुकडा ठोकला.

दुपारी पुढच्या प्रसंगासाठी रंग द्यायला रंगाऱ्याने मला उलटी केली. "मावशी, इथे खाली तारखा लिहिल्यात. ताईंना दाखवू का?"

ताई दहा पावलांवर होती. आईने चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीवरून तिने बोट फिरवलं. मग तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी नटीला हसायचं कसं ते समजावत होती. हाक मार गं बाई, मी मनात म्हणत होते, एकदाच मार.

"लहानपणी हिनेच गिरगटलं असेल," आई म्हणाली. "रंगवून टाका."

सिनेमा खूप चालला. वर्षभरात आई गेली. मी आता सिनेमाच्या सामानाच्या गोदामात पडून आहे. इथल्या रखवालदाराच्या टीव्हीवर मी मुलीची मुलाखत ऐकली. ती म्हणाली, "माझी आई फार समाधानी होती." पेन्सिल दाबून लिहिलेलं होतं, त्यामुळे रंगाखाली त्या ओळी अजून बोटाला लागतात. पण बोट फिरवायला कुणी येत नाही, आणि आलं तरी आता विचारणार कुणाला?

म्हणून, हात नसले तरी हात जोडून सांगते, मित्रांनो. जुन्या वस्तूला रंग देण्याआधी ती एकदा उलटी करून बघा. आणि आईला काही विचारलंत, ती "काही नाही" म्हणाली, तर लगेच उठू नका.