पिळलेल्या स्पंजाचे रविवार

मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासणारा नव्हे, मित्रांनो. त्याच्या नशिबी निदान साबणाचा सुवास तरी असतो. मी माशांच्या टाकीत, मागच्या कोपऱ्यात, हवेच्या नळीला अडकवलेला असतो. पाणी माझ्यातून जाते आणि घाण माझ्यात राहते. आता मात्र मी फार थकलो आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि जोरात धरले तर तुकडा हातात येतो.

एका कारखान्यात मला मोठ्या ठोकळ्यातून कापले आणि मधोमध भोक पाडले. तिथून मी रंगीत मासे विकणाऱ्या बाईंच्या दुकानात आलो. माझ्या मालकांच्या मुलीने वर्षभर हट्ट धरला होता, म्हणून एके दिवशी टाकी, चार मासे आणि मी असे सगळे एकदमच त्यांच्या घरी गेलो. सर्वांत लहान माशाच्या शेपटीवर काळा ठिपका होता. मुलीने त्या माशाचे नाव ठिपकी ठेवले.

मालकांचे चष्म्यांचे दुकान आहे. दिवसभर भिंगे पुसून त्यांचे मन भरत नाही. घरी आल्यावर आरसा, खिडकी, घड्याळाची काच, जे दिसेल ते पुसत सुटतात. पाण्याचा पेलासुद्धा उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत.

अशा घरात तिसऱ्याच आठवड्यात टाकीच्या काचेवर तपकिरी शेवाळ धरले. वाळूवर, दगडांवर, माझ्या अंगावरही. नव्या टाकीत ते बहुधा येतेच. बोट फिरवले तरी निघते आणि टाकी मुरली की आपोआप ओसरते. पण मालकांना हे सांगणार कोण? रविवारी त्यांनी बाह्या सरसावल्या, सगळे पाणी ओतून दिले, वाळू सात वेळा धुतली आणि मला नळाखाली धरून स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळले.

मित्रांनो, माझ्या छिद्राछिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांच्या घाणीतले विष तेच पचवतात. नळाच्या पाण्यातल्या औषधाने ते मरतात. आठवडाभर माझ्यात वस्ती व्हायची आणि दर रविवारी उजाड व्हायची. टाकी पुन्हा नवी, म्हणून शेवाळ पुन्हा हजर. मालक आणखी जोराने घासायचे. आळशी माणसाची चूक असती तर मी चिडलो असतो. कष्टाळू माणसावर चिडायचे तरी कसे?

दोन महिन्यांत तीन मासे गेले. ठिपकी उरली, तीही पंख मिटून तळाशी पडून राहायची. एका शनिवारी संध्याकाळी मुलगी वडिलांजवळ आली.

"बाबा, उद्या पण दुकान उघड ना."

"का गं?"

"तू घरी असलास की मासे मरतात."

मालकांच्या हातातले फडके तसेच हातात राहिले.

सकाळी ते मासे विकणाऱ्या बाईंच्या दुकानात गेले. तिथे काय झाले ते त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितले, म्हणून मला कळले. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि उलट विचारले, "नवीन नंबरचा चष्मा दिला आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक चक्कर येते म्हणून परत आलं, तर काय करता?"

"पंधरा दिवस सवय होऊ द्या म्हणतो."

"मग टाकीला कधी दिलेत पंधरा दिवस?"

त्यानंतरचे रविवार मालकांना जड गेले. चौथाई पाणी बदलायचे, समोरची काच तेवढी पुसायची आणि मला टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके बुचकळायचे, एवढीच परवानगी होती. बाकी वेळ ते टाकीसमोर खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून बसायचे. मुलगी शेजारी पहाऱ्याला. शेवाळ आधी वाढलेच. ठिपकी तळाशीच होती आणि मलाही आशा नव्हती. चौथ्या रविवारी ती वर आली आणि तिने एक दाणा खाल्ला. मुलीने वडिलांचा हात मांडीखालून ओढून काढला आणि धरून ठेवला. पुढे महिन्याभरात शेवाळही ओसरले.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. परवा माझ्या शेजारी एक नवा, पांढराशुभ्र स्पंज लावला. महिनाभर आम्ही सोबत राहायचे, म्हणजे माझी वस्ती हळूहळू त्याच्यात जाईल. मालकीणबाई म्हणाल्या की हा जुना किती मळलाय, आत्ताच फेकून द्यावा.

"मळका आहे, असू दे," मालक म्हणाले. "ठिपकी त्याच्यामुळे जगली."

पेलासुद्धा उजेडाकडे धरून पाहणारा तो माणूस! एवढ्या वर्षांच्या शिणाचे त्या क्षणी चीज झाले. मित्रांनो, काच जरूर पुसा, पण हात कुठे थांबवायचा तेही शिका. माझा अजून एक महिना उरला आहे. तेवढा मी कसाबसा काढीन, फक्त मला हळू धरा.