कोंबडउडीचे चाळीस सेंटिमीटर

शर्यतीच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी कासियान थुर्नर उताराच्या पायथ्याशी आला आणि समोरचा फलक बघून थांबला. हॉटेलची अख्खी भिंत झाकणारा फलक. त्यावर गेल्या वर्षी पडलेला खेळाडू गाश्पर: हवेत, डोकं खाली, पाय वर, एक स्की पायातून निसटून आभाळात गेलेली. तोंड उघडं. ओरडताना माणसाचे मागचे दात दिसतात, तेसुद्धा दिसत होते. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गेल्या वर्षी होतात का इथे? यंदा चुकवू नका.'

"कसा झालाय?" मागून रोमेड प्रांटलचा आवाज आला. शर्यत समितीचा अध्यक्ष, इनरलान गावातल्या तीन हॉटेलांचा मालक आणि कासियानचा शाळेतल्या बाकावरचा जोडीदार.

"त्याचा पाय कापलाय, रोमेड. गुडघ्याखाली."

"फोटोत कुठे कापलाय? फोटोत दोन्ही आहेत." रोमेड स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "अरे, त्याला विचारून लावलाय. शुक्रवारी येतोय तो, पोस्टरवर सह्या करायला. लोकांना आवडेल."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे कासियानला ठाऊक होतं. ती इतक्या खुशीत खातात हे त्याला नवं होतं. तो तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यात बसला. बोलायला त्याला तोंड नव्हतं, आणि का नव्हतं ते फक्त दोघांना माहीत होतं.

गाल्टवांडचा उतार साऱ्या आल्प्समध्ये नावाजलेला. पहिली शर्यत १९३१ सालची. तेव्हा पाळणे नव्हते. चौदा गडी लाकडी स्की खांद्यावर टाकून तीन तास चढले आणि त्यातले नऊ धडधाकट खाली पोचले. जिंकला तो चीज करणाऱ्या घरातला मुलगा. साडेपाच मिनिटं लागली त्याला, आणि बक्षीस म्हणून डुकराची एक धुरावलेली मांडी मिळाली, ती त्याने त्याच दुपारी हरलेल्यांबरोबर खाऊन संपवली. कासियानचे आजोबा त्या नऊ जणांत होते. पुढे युद्ध आलं, तीन वर्षं कोणी उतरलंच नाही, कारण उतरणारे दुसरीकडे मरत होते. मग पाळणे आले, परदेशी खेळाडू आले, वेळ दोन मिनिटांच्या आत गेली. जागांची नावं मात्र जुनीच राहिली. गावचा पाद्री जिथे पडला तो 'पाद्रीखड्डा'. आणि उताराच्या मध्यावर जी पायरी आहे ती 'कोंबडउडी', कारण तिच्याखाली एका शेतकऱ्याचं खुराडं होतं आणि कोंबड्या त्या बांधावरून खाली उड्या टाकायच्या. आता तिथून माणसं ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने निघायची आणि पन्नास मीटर हवेतून जायची.

सव्वीस हिवाळे कासियान या उताराचा प्रमुख होता. साठ माणसं हाताखाली. पाणी मारून बर्फ कुठे काचेसारखा करायचा, कुठे भुसभुशीत ठेवायचा, ते त्याला बुटाच्या टाचेने कळे.

गेल्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी पंचांनी उडीची, म्हणजे त्या बर्फाच्या बांधाची, उंची मोजली, बरोबर आहे म्हणून सही केली. शनिवारी पहाटे रोमेडचा फोन आला.

"तीन वर्षांत कोणी पडलं नाही, कासियान. टीव्हीवाले म्हणतात, तुमची शर्यत म्हणजे अंगाईगीत. जरा उचल ना ती उडी."

"पंचांनी मोजलीय."

"मोजलीय ना? मग आता कोण मोजणार? आणि ऐक, लोक म्हणायला लागलेत, थुर्नर म्हातारा झाला. मी म्हटलं, अरे, असली उडी बांधणारा आल्प्समध्ये दुसरा दाखवा. बांधून दाखव एकदा त्यांना."

एवढंच. कोणी त्याला धमकावलं नाही, काही देऊ केलं नाही. कासियान पाठ थोपटून घेऊन फुशारला आणि फावडं उचलून कामाला लागला. चाळीस सेंटिमीटर. कडा अशी सफाईने वळवली की वरून बघणाऱ्याला काही कळू नये. सूर्य उगवला तेव्हा तो मागे सरून आपल्या कामाकडे बघत उभा राहिला होता, आणि त्याला ते सुंदर वाटलं होतं. हेच आठवलं की त्याला आता स्वतःची शिसारी यायची.

पहिले छत्तीस जण कसलेले होते. हवेत हात फिरवत, कसेबसे सावरत निभावून गेले. सदतिसावा गाश्पर. स्लोव्हेनियाचा, बावीस वर्षांचा, या उतारावर पहिल्यांदाच आलेला. तो उतरायच्या जागेच्या पुढे गेला आणि सपाटीवर आदळला. खालून गर्दीचा एक लांब हुंकार आला. आणि मग टाळ्या आल्या. अहवालात लिहिलं गेलं, 'खेळाडूची चूक, वजन मागे गेलं.' खाली कासियानची सही.

शुक्रवारी दुपारी तंबूत रांग लागली होती. गाश्पर टेबलामागे बसला होता, कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या. फरचा कोट घातलेला एक गृहस्थ वाकून म्हणाला, "इथे करा ना सही. फोटोतल्या बुटावर. नाही नाही, या नाही, त्या पायाच्या."

गाश्परने केली. गृहस्थाने पोस्टरवर फुंकर मारली, शाई वाळवली आणि बायकोला म्हणाला, "बघ, आता याला किंमत आली."

कासियान तंबूबाहेर गेला आणि मागच्या बाजूला, पिंपांच्या आडोशाला, सकाळची न्याहारी ओकला. तोंड पुसून वळला तर गाश्पर कुबड्यांवर उभा.

"तुम्ही उताराचे प्रमुख ना? जाकिटावर लिहिलंय." त्याची जर्मन तुटक होती. "मला तुम्हालाच भेटायचं होतं. म्हणून आलो. सह्यांसाठी नाही."

दोघं यंत्रांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. डिझेलचा वास होता.

"मी ते चित्रीकरण चारशे वेळा पाहिलंय," गाश्पर म्हणाला. "म्हणतात, वजन मागे गेलं. मला ते कुठेच दिसत नाही. माझे प्रशिक्षक म्हणतात, सोड आता. आई म्हणते, सोड. पण माझं काय चुकलं ते मला कळायला नको? तुम्ही तिथेच उभे होतात. तुम्हाला दिसलं का?"

कासियानने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तुझं काही चुकलं नाही. उडी चाळीस सेंटिमीटरने जास्त होती. त्या दिवशी पहाटे मी वाढवली होती."

गाश्परने मान वर केली.

"का?"

"रोमेडने सांगितलं. टीव्हीवर दिसायला हवी म्हणून." मग त्याला ते अपुरं वाटलं. "आणि मला दाखवायचं होतं, मला अशी उडी बांधता येते म्हणून."

गाश्पर त्याच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, चुलीवरच्या दुधात मेलेलं झुरळ निघावं आणि बघावं तसा.

"वर्षभर," तो म्हणाला, "वर्षभर मी स्वतःला शिव्या देतोय. आणि तुम्ही रोज जेवत होतात." तो उठला. कासियानने आधाराला हात पुढे केला, तसा तो दचकून मागे सरला. "हात नका लावू मला."

त्याच दिवशी सकाळी रोमेड कासियानच्या कानाशी लागून म्हणाला होता, "उद्या पहाटे, गेल्या वर्षीसारखंच हं." कासियानने मान हलवली होती. हो की नाही ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

पाच वाजता शाळेच्या सभागृहात सगळ्या संघांच्या प्रशिक्षकांची आणि पंचांची बैठक भरली. हवामानाचं झालं, क्रमांक वाटून झाले. रोमेडने विचारलं, "आणखी काही?" कासियान उभा राहिला.

"उडीबद्दल बोलायचंय. गेल्या वर्षी पंचांनी मोजल्यावर मी ती चाळीस सेंटिमीटर चढवली. अध्यक्षांच्या सांगण्यावरून. यंदाही त्यांनी तेच सांगितलंय. माझी अहवालावरची सही खोटी आहे."

रोमेडचा चेहरा पडला नाही. उलट त्याने हळहळल्यासारखी मान हलवली. "मित्रहो, कासियान आपला जुना माणूस आहे. गेल्या वर्षापासून त्याच्या मनाने घेतलंय. आणि खरं सांगू का, थोडी पितोही."

"थू तुझ्या जिभेवर," कासियान म्हणाला. "उद्या सकाळी मोजा म्हणजे झालं. आणि मोजल्यावर तिथून हलू नका."

स्लोव्हेनियाचा प्रशिक्षक खुर्ची पाडून उठला. दोघांना त्याला धरावं लागलं. मुख्य पंच बाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं की उद्या शर्यत सुटेपर्यंत त्या स्वतः उडीपाशी उभ्या राहतील. कासियानचं ओळखपत्र तिथेच काढून घेतलं गेलं.

शनिवारी तो सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गर्दीत उभा राहिला. चोपन्न जण उतरले. उडी नियमात होती. सगळे सफाईने गेले, सगळे खाली पोचले. एका पोरसवदा फिनलंडवाल्याने असं वळण घेतलं की कासियानच्या अंगावर काटा आला. शेजारचा माणूस मात्र जांभया देत होता. त्याने दोन्ही गालांवर झेंडे रंगवले होते आणि मिशीत मोहरीची चटणी अडकली होती.

"यंदा काही दमच नाही," तो म्हणाला. "तीनशे किलोमीटर गाडी हाकत आलो. नुसते येतात आणि जातात."

"माणसं सुखरूप खाली आली," कासियान म्हणाला.

"तेच तर म्हणतोय!"

मधल्या सुट्टीत मोठ्या पडद्यावर गेल्या वर्षीचं पडणं दाखवलं, तीनदा, शेवटचं अगदी सावकाश. तेव्हा कुठे गर्दीने आरोळी ठोकली. चटणीवाल्याने बायकोला ढोसून पेला वर केला. कासियान धक्के देत गर्दीतून बाहेर पडला. गाश्पर आदल्या संध्याकाळीच निघून गेला होता. सही न केलेल्या पोस्टरांचा गठ्ठा तंबूत तसाच पडला होता.

सोमवारी त्याने तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जबाब दिला. तिथला अंमलदार ओळखीचा होता. लिहिता लिहिता थांबून तो म्हणाला, "कासियान, बर्फ आपोआप फुगला असं लिहू का? थंडीत होतं तसं. तूही सुटशील."

"रोमेडने सांगितलं, मी बांधली. एवढंच लिही."

गावाने वाळीत टाकलं असं कोणी म्हणालं नाही. पण त्याची बायको बुर्गल आली की पाववाली पाठ करून उभी राहू लागली, आणि चर्चमध्ये त्यांच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली. "लोकांच्या पोटावर पाय आणलास म्हणतात," बुर्गलने सांगितलं. "मी म्हटलं, तुमचं पोट कशाने भरतं ते आधी हुंगून बघा." त्या दिवसापासून ती पाव घरीच भाजू लागली.

मे महिन्यात निकाल लागला. कासियानला आठ महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा स्थगित ठेवल्याने तुरुंगात जावं लागलं नाही, पण कपाळावर शिक्का बसला. फोनवर काय बोलणं झालं ते सिद्ध होईना, म्हणून रोमेड सुटला. त्याने प्रकृतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं आणि गावाने बँड लावून त्याचा सत्कार केला. गाश्परच्या वकिलाने निकालाची प्रत मागवून घेतली. अहवालातली त्याची चूक खोडली गेली. त्याच्याकडून एक ओळही आली नाही, आणि कासियानने तशी वाटही पाहिली नाही.

ऑक्टोबरात, डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ दिसू लागला तेव्हा, कासियानच्या जागी नेमलेला लेनहार्ट दाराशी आला. कासियाननेच शिकवून तयार केलेला गडी. आत यायला तयार होईना.

"नवे अध्यक्ष विचारतात," तो पायरीवरूनच म्हणाला, "उडी थोडी... म्हणजे नियमात राहून... किती उचलता येईल."

कासियानला हसू आलं नाही. त्याने खुंटीवरचं जाकीट काढलं.

"कुठे निघालास?" बुर्गल आतून ओरडली. "अजून किळस आली नाही का तुला त्या डोंगराची?"

"डोंगराची नाही आली," तो म्हणाला, आणि बूट चढवू लागला. "लेनहार्ट, मोजपट्टी आहे ना गाडीत? चल. पंचांनी नेमकं कुठे मोजायचं आणि कडेला दगडात खूण कुठे ठोकायची, ते दाखवतो. बर्फ त्या खुणेच्या वर गेला की कोणालाही दिसेल. मग फोन कोणाचाही येऊ दे."

ती खूण त्या दोघांनी त्याच दुपारी खडकात छिन्नीने कोरली. बर्फ पडल्यावर ती झाकली जाणार नाही, याची कासियानला खात्री नव्हती. म्हणून त्याने लेनहार्टला शेजारी बर्फावरही दिसेल अशी उंच लोखंडी पहारही ठोकायला लावली.