नरसम्माच्या पोरीची शेळी

मी शेळी बोलतेय. केडगावच्या रेल्वे चाळीत रतनबाईच्या दाराशी बांधलेली. स्वभावानं मी फटकळ, चिडले की शिंग मारते. पण आज मारायला नाही, सांगायला उभी आहे.

माझा जन्म म्हाळसाबाई धनगरणीच्या गोठ्यातला. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी पहिल्यांदा व्याले, आणि खरं सांगते, ते पिल्लू मला नकोसं झालं. जवळ आलं की मी लाथ मारायची. का, ते आजही सांगता येत नाही. म्हाळसाबाईनं मला झोडपलं नाही. माझी मान मांडीत धरून बसायची, पिल्लू आचळाला लावायची आणि म्हणायची, "पहिलटकरीन हाय, बावरलीया. घेईल." काही दिवसांनी घेतलंही मी.

दुसऱ्यांदा व्याले, तेव्हा मला यल्लय्यानं नेलं. तो रेल्वेच्या गँगमध्ये कामाला, मूळचा आंध्रातला. त्याची बायको नरसम्मा इथंच बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, आई दूर मुलखात, आणि हिची भाषा चाळीत कुणालाच कळेना. पोरीला वरचं दूध हवं होतं, म्हणून माझी वर्णी लागली.

नरसम्मा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. पोर रडून लालबुंद व्हायची, तरी हिचा हात हलायचा नाही. शेजारच्या रतनबाईनं मायेनं अळिवाची खीर आणली, शेकशेगडी केली. पुढं तिचाही धीर सुटला. नळावर बायका बोलू लागल्या, "कसली आई म्हनावं ही? बाहेरचं कायतरी झालंया हिला." मग काही बरंवाईट होईल या भीतीनं रतनबाईनं पोरीला आपल्याच घरी नेलं. मन वाईट नव्हतं तिचं.

एकदा म्हाळसाबाई मला बघायला आली, आणि मला सोडून नरसम्माकडेच बघत राहिली.

"यल्लय्या, पोर हिच्यापासनं तोडू नगा. शेळीपाशीसुदिक बसावं लागतं, ही तर माणूस हाय. कुनीतरी बसा हिच्याजवळ."

"अम्मा, मी लाइनवर जातो. कौन बैठेगा?"

त्या दुपारी म्हाळसाबाईच बसली, नरसम्माचं डोकं मांडीवर घेऊन. नरसम्मा ढसाढसा रडली. इतक्या दिवसांत तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला बरं वाटलं. पण म्हाळसाबाईच्या मागं घर होतं, मेंढरं होती. "बाजाराच्या दिशी येते," म्हणून ती गेली.

बाजाराचा दिवस उजाडायच्या आधीच यल्लय्यानं ठरवून टाकलं. नरसम्माला तिच्या आईकडे सोडायचं, पोर रतनबाईपाशी ठेवायची. "बरी झाली की आणतो," म्हणाला.

निघायच्या सकाळी नरसम्मा दारात उभी होती. पलीकडं पोर रडली. आणि माझ्या डोळ्यांदेखत नरसम्माची चोळी ओली होत गेली. तिनं खाली पाहिलं, चोळीला हात लावला आणि रतनबाईच्या दाराकडे धावली. दोन्ही हात पुढं करून आपल्या भाषेत तेच तेच म्हणू लागली. रतनबाई घाबरली. पोरीला छातीशी आवळून मागं सरली.

"यल्लय्या, धरा वो हिला!"

पान्हा म्हणजे काय ते मला कळतं. मी जीव तोडून ओरडले. "शेळी उपाशी हाय वाटतं," म्हणत कुणीतरी माझ्यापुढं पाला टाकला. यल्लय्यानं नरसम्माचा दंड धरला. तिनं ओल्या चोळीवर पदर ओढून घेतला आणि त्याच्यामागून स्टेशनाकडे चालू लागली.

पोर आता रांगत येऊन माझे कान ओढते. माझं दूध आटत आलंय. आटलं की दुसरी शेळी आणतील, शेळ्यांना काय तोटा! नरसम्माला मात्र अजून कुणी आणलेलं नाही. विचारलं की यल्लय्या म्हणतो, "बरी झाली की."

अरे बाबांनो, ती त्या सकाळीच बरी व्हायला लागली होती. जा, तिला घेऊन या.