परत फेक!

आमच्या शिकागोत हल्ली जो तो जुन्या बाकड्यांच्या आठवणी काढून डोळे पुसतो. काय ते दिवस, काय ती माणसं, एका डॉलरात अख्खी दुपार! मी गप्प बसते. पण मला विचारलंत तर सांगते, ती माणसं भिकार होती. मी त्यांच्यातच लहानाची मोठी झाले आणि त्यांचा म्होरक्या माझा बाप होता, तेव्हा एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

आमच्या बेसबॉलच्या मैदानात डाव्या बाजूच्या भिंतीच्या वर लाकडी बाकडी होती. पाठ टेकायला काही नाही, डोक्यावर छप्पर नाही. सामने भरदुपारी असायचे, म्हणजे जगातली बाकीची माणसं कामावर असायची तेव्हा. अशा वेळी तिथे कोण येणार? कुणी पोटदुखीचं कारण सांगून रजा टाकलेला, कुणी बायकोने घरातून हाकललेला, कुणी बायकोला अजून न सापडलेला. सगळे उघड्या अंगाने, पोटं सोडून बसलेले. एका हातात बिअर, दुसऱ्या हातात हॉटडॉग आणि छातीवर मोहरीचा सॉस सांडलेला.

खेळाकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. भिंतीखाली पाहुण्या टीमचा जो एक बिचारा फील्डर उभा असायचा ना, तो यांचा खरा खेळ. त्याच्या घटस्फोटापासून त्याच्या आईच्या वजनापर्यंत सगळी माहिती हे लोक काढून आणायचे आणि दिवसभर त्याच्या डोक्यावर ओरडायचे. याला ते निष्ठा म्हणत.

माझा बाप, ऑगी थिलन, बेकरीत रात्रपाळीला होता. पहाटे घरी यायचा, थोडा झोपायचा आणि दुपारी बाकड्यावर हजर. घरात त्याच्या तोंडून 'मीठ दे' याच्या पुढे शब्द फुटत नसे. तिथे मात्र घसा बसेपर्यंत बोलायचा. अर्ध्या शहराला त्याचा आवाज माहीत होता. मला आणि माझ्या भावाला तो आवाज बाकड्यांवर गेल्यावरच ऐकायला मिळायचा.

त्याचा एक कायदा होता. पाहुण्यांच्या कुणी होमरन मारला, म्हणजे बॉल थेट भिंतीपलीकडे टोलवला, आणि तो बाकड्यांत आला, तर ज्याला मिळेल त्याने तो मैदानात परत फेकायचा. शत्रूचा बॉल घरी न्यायचा नाही. सगळी बाकडी उठून ओरडायची, "परत फेक! परत फेक!" आता बॉल कुणाला नको असतो? काही शहाणे लोक खिशात एक जुना बॉल घेऊनच येत. खरा लपवायचा, जुना फेकायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे कानाडोळा करत. बाप करत नसे. तो लोकांचे खिसे चाचपायचा. एकदा एका ननच्या मांडीत बॉल पडला. ती बिचारी हरखून गेली. हा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, देवाला चालेल, मला नाही चालणार." तिने फेकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हे सगळे नग टाळ्या पिटत होते.

माझा धाकटा भाऊ रॉली घरामागच्या गल्लीत खेळायला शिकला. गॅरेजच्या दारावर बॉल मारून मारून त्याने ते दार चेपवून टाकलं. शाळेच्या टीममध्ये आला, तिथे गाजला, पण बाप त्याचा एकही सामना बघायला गेला नाही. जाणार कसा? त्याच वेळी बाकड्यांवर हजेरी असायची. पुढे सेंट लुईसच्या टीमने रॉलीला घेतलं. आमच्या लोकांचा सेंट लुईसवर सगळ्यात जास्त दात. बातमी ऐकून बाप म्हणाला, "तुरुंगात गेला असता तर बरं झालं असतं. निदान चारचौघांत तोंड दाखवता आलं असतं."

दोन वर्षं लहान गावांच्या टीमांत घासल्यावर रॉलीला मोठ्या टीममध्ये जागा मिळाली आणि लगेचच त्यांचा शिकागोत सामना आला. आदल्या दिवशी त्याने हॉटेलवरून मला फोन केला.

"व्हर्ना, पप्पा येणार आहेत ना उद्या?"

"तो कुठे जातोय! त्याची खुर्ची... खुर्ची कसली, फळी कोण घेणार?"

"मग ऐक. माझा पहिला होमरन अजून व्हायचाय. मी तिकडेच मारणार, पप्पांच्या बाजूला."

"वेडा आहेस का?"

"पहिला बॉल आहे गं तो. माणूस जन्मभर जपून ठेवतो. त्यांच्या हातात आला तर ठेवतील ना ते माझ्यासाठी?"

मी म्हटलं, ठेवेल. दुसरं काय म्हणणार? पोराच्या आवाजात इतकी आशा होती की मला बापाचा तेव्हाच राग आला, त्याने काही करायच्या आधीच.

आई मैदानावर कधी पाऊल टाकत नसे. पण सकाळी तिने माझ्या पर्समध्ये एक बॉल कोंबला. खेळण्यांच्या दुकानातून आणला होता आणि चहाच्या पाण्यात बुडवून, अंगणात घासून मळवला होता. "बरोबर असू दे," ती म्हणाली. "तुझा बाप आहे. त्याचा नेम नाही."

मी बापाच्या शेजारी जाऊन बसले. पाहुण्यांची पहिली बॅटिंग संपल्यावर रॉली फील्डिंगला धावत आला आणि भिंतीखाली उभा राहिला. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'थिलन'. सगळी बाकडी वळून बापाकडे बघायला लागली, आता काय करतो हा? बाप उभा राहिला.

"ए थिलन! तुझ्या बापाने तुला काय शिकवलं रे?" आणि स्वतःच हात पसरून ओरडला, "काहीच नाही!"

नग लोळून लोळून हसले. एवढं एक वाक्य मात्र माझा बाप आयुष्यात खरं बोलला.

चौथ्या डावात रॉली बॅट घेऊन उभा राहिला. दुसऱ्याच बॉलला असा आवाज आला की बिअरवाल्यानेसुद्धा मान वर केली. बॉल उंच चढला आणि बाकड्यांकडेच यायला लागला. बाप जागचा हलला नाही. नुसते हात वर केले आणि बॉल त्याच्या ओंजळीत येऊन बसला.

आणि बाकडी गप्प झाली. देवाशपथ सांगते, कुणी ओरडलं नाही. हब क्रॉली म्हणून एक बेवडा होता. 'परत फेक'ची पहिली आरोळी नेहमी त्याचीच. त्याने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग हळूच म्हणाला, "ठेव रे ऑगी. तुझं पोरगं आहे. आज कोण काय म्हणतंय?"

मी पर्समधला बॉल काढून बापाच्या दुसऱ्या हातात दिला. "पप्पा, हा फेका. तो रॉलीचा आहे."

त्याने दोन्ही बॉलांकडे पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही चलबिचल दिसेल, निदान एकदा आवंढा गिळेल, असं मला वाटत होतं. कसलं काय! कुणी ओरडत नाही याचाच त्याला राग आला होता.

"काय रे, घसे बसले का सगळ्यांचे?" असं म्हणून त्याने माझा बॉल बाकड्यावर टाकला आणि खरा मैदानात भिरकावला.

आमच्याच फील्डरने तो उचलून कडेला टाकला, कुणीतरी पिशवीत भरला. पिशवीत तसे बरेच होते. संपला विषय. बापाने दोन्ही हात वर केले. क्षणभर कुणी काही केलं नाही. मग मागून एकाने टाळी वाजवली, आणि शेवटी ती माणसं होती तीच होती. मैदान दणाणून सोडलं त्यांनी. हब तेवढा खाली बघत बसला.

होमरन मारणारा मैदानाला फेरी मारतो, त्या फेरीचा शेवटचा टप्पा रॉली तेव्हा धावत होता. त्याने आरडाओरडा ऐकला आणि आमच्याकडे बघून हात हलवला. त्याला वाटलं, हे त्याच्यासाठी चाललंय. मला इतकं भडभडून आलं की मी तिथेच रडले.

पुढच्या वेळी फील्डिंगला आला तो सरळ भिंतीपाशीच. मान वर करून, तोंडभर हसत. "पप्पा! पकडलात ना? ठेवा हं, सामना संपला की नेतो."

बाप शेंगदाण्यांची पुडी उघडत होता. त्याची ती पुडी काही केल्या उघडेना. मी बाकड्यावरचा बॉल उचलला आणि खाली फेकला. रॉलीने झेलला, बोटांत एकदा फिरवला. माझ्याकडे पाहिलं. मग तो मागच्या खिशात घातला, टोपीला हात लावला आणि आपल्या जागेवर गेला.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. बाप अजून बारमध्ये सांगतो, "सख्ख्या पोराचा पहिला बॉल परत फेकला मी! याला म्हणतात निष्ठा." त्याला त्यावर फुकट बिअर मिळते. आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही सगळे रॉलीच्या घरी जमतो, तेव्हा दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या बॉलकडे बोट दाखवून तो रॉलीच्या सासरच्यांना सांगतो, "या हातांनी पकडला. पोरासाठी जपला, म्हणून आज इथे आहे." लाज म्हणून नाही.

गेल्या वर्षी माझ्याच्याने ते ऐकवेना. उठून स्वयंपाकघरात गेले. रॉली टर्की कापत होता.

"रॉली, तुला एक सांगायचंय. तो बॉल..."

"दुकानातला आहे," तो मान वर न करता म्हणाला. "शिवण केवढी जाड! हातात आला तेव्हाच कळलं."

"मग काचेत कशाला ठेवलास?"

"तू टाकलास म्हणून."

"आणि त्याला हे सगळं बोलू देतोस? दर वर्षी?"

रॉलीने सुरी पुसली आणि बाजूला ठेवली. "पप्पांची खुर्ची कुठे असते, बघितलंस कधी? पेटीच्या बरोबर समोर. मीच ठेवतो ती तिथे. बसू दे त्यांना त्या बॉलकडे बघत."

मग त्याने थाळी उचलली आणि दारातून अगदी गोड आवाजात हाक मारली, "पप्पा, बसूनच राहा हं तिथे. मी तुमचं ताट तिकडेच आणतो."