तैहोवरचे सहा तास

रवींद्र केळुसकरांना कोर्सला बसवणं म्हणजे मुरलेल्या आचाऱ्याला भात लावायला शिकवणं, असं निदान त्यांचं स्वतःचं मत होतं. छत्तीस वर्षं समुद्रावर, त्यातली एकवीस चीफ इंजिनियर म्हणून. आपल्याकडच्या जहाजांवर चीफला बडासाब म्हणतात, तिसऱ्या इंजिनियरला तीनसाब आणि नुकत्याच लागलेल्या पाचव्याला पाचसाब. केळुसकर इतकी वर्षं बडासाब होते की चिडल्यावर त्यांची बायको अरुणाही घरात त्यांना त्याच नावानं हाक मारायची.

मंगळवारी त्यांचं जहाज सिंगापूरला लागणार होतं. तिथल्याच सेंगकांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बॅग भरून तयार होती. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं होतं आणि ते संपल्यावर साठी गाठायला त्यांना अकरा दिवस उरणार होते. साठीनंतर कंपनी कुणालाही जहाजावर पाठवत नाही. म्हणजे हे जहाज शेवटचं, आणि हे चुकलं तर मागच्या वर्षीचंच शेवटचं ठरणार. मध्ये फक्त जहाजावरच्या आणीबाणीचा हा एक दिवसाचा कोर्स होता. नवीन नियमाप्रमाणे त्यात पास झाल्याशिवाय कुणालाही चढू देत नव्हते.

शहरातल्या पाया लेबार भागात सातव्या मजल्यावरच्या त्या वर्गात शिरल्यावर मात्र त्यांची कळी खुलली. शिकवायला सुलेखा तोरसकर होती. सतरा वर्षांपूर्वी ती त्यांच्याच टँकरवर पाचसाब होती. आपल्याच हाताखाली तयार झालेली पोर आपल्याला काय नापास करणार, असं त्यांच्या मनात आलं आणि ते ऐसपैस बसले.

"सर, तुम्ही?" सुलेखा म्हणाली. तिला आनंद झाला होता, पण थोडी धास्तीही वाटली असावी. केळुसकरांना त्यातला आनंदच तेवढा दिसला.

वर्गात आणखी दोघं होते. डॅनिलो नावाचा फिलिपिनो चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, आणि क्षितिज, मंगळवारी केळुसकरांच्याच जहाजावर तीनसाब म्हणून चढणारा पुण्याचा मुलगा. वर्ग अर्थातच इंग्रजीत चालला होता, पण इथे मराठीत सांगितला म्हणून काही बिघडत नाही.

सुलेखानं टेबलावर एका मोठ्या जहाजाचा नकाशा पसरला. विमानवाहू जहाज. सपाट डेक, त्याखाली एकावर एक दोन मजले विमानं ठेवायला, ती वर आणायला पुढे एक आणि मागे एक अशा दोन लिफ्ट. डेकवर तिनं लाकडाची छोटी विमानं मांडली.

"जहाजाचं नाव शेवटी सांगेन," ती म्हणाली. "दुसरं महायुद्ध चालू आहे. सकाळचे आठ वाजलेत. तुमची विमानं शत्रूवर हल्ला करायला उडतायत आणि पाणबुडीचा एक टॉर्पेडो पुढच्या भागात लागलाय. पुढची लिफ्ट अर्ध्यात अडकलीय. विमानांच्या पेट्रोलच्या टाकीला तडा गेलाय. इंजिनं शाबूत आहेत. डॅनिलो, तुम्ही विमानं उडवणारे. क्षितिज, तुम्ही खालच्या मजल्यावर. सर, जहाज वाचवायचं काम तुमचं."

दर थोड्या वेळानं ती प्रत्येकाला एक बंद पाकीट देणार होती. आतली माहिती ज्याची त्यालाच दिसायची. ती दुसऱ्याला हवी असेल तर तोंडानं सांगायची, असा नियम होता.

केळुसकरांना जोर चढला. असल्या वेळी त्यांच्यासारखा माणूस नाही, हे त्यांचे शत्रूही कबूल करायचे. डॅनिलो ओरडत होता की लिफ्टच्या खड्ड्यावरून विमानं जाणार कशी. "जेवणघरातली टेबलं, बाकं, मिळतील त्या फळ्या टाका खड्ड्यावर," केळुसकरांनी फर्मावलं. अर्ध्या तासात खड्डा बुजला आणि लाकडी विमानं पुन्हा सरकू लागली. वेग कमी करू का, असं सुलेखानं विचारलं. "लढाई चालू असताना? मुळीच नाही."

दुसरं पाकीट आलं. पेट्रोलचा वास वरच्या मजल्यावर पसरत होता.

"सर," क्षितिज आपलं कार्ड वाचत म्हणाला, "खाली पण..."

"एक मिनिट, तीनसाब." केळुसकरांनी हात वर केला. त्यांचं डोकं वेगानं चाललं होतं. वास कोंडलाय, तर तो बाहेर काढायला हवा. "सगळे दरवाजे उघडा. सगळे पंखे पूर्ण जोरात लावा. जहाजातून वारा खेळू द्या."

"सर, माझ्याकडे जे आलंय ते..."

"लिहून ठेव, नंतर बघू. आधी पंखे."

क्षितिजनं खरोखरच लिहून ठेवलं. मंगळवारपासून सहा महिने याच माणसाच्या हाताखाली काढायचे होते. त्यानं कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं आणि पुढची चाळीस मिनिटं तो सांगितलेलं काम चोख करत राहिला.

नकाशावरच्या घड्याळात अडीच वाजून गेले तेव्हा सुलेखानं टेबलावरची सगळी विमानं एका हातानं गोळा केली.

"स्फोट झाला," ती म्हणाली. "चिलखती डेक मधोमध वर उचलला गेला. दोन तासांत जहाज बुडालं."

केळुसकर हसले. कोड्यात हरलेला मोठा माणूस हसतो तेवढंच. "पंखे नको होते तर."

"नको होते. तोवर वास थोड्याच जागेत होता. पंख्यांनी तो बॉयलरपर्यंत पोचवला. अख्खं जहाज पेट्रोलच्या वाफेनं भरलं, मग एक ठिणगी पुरली." तिनं नाव सांगितलं. "तैहो. जपानचं नवंकोरं जहाज. चव्वेचाळीस सालच्या एप्रिलमध्ये इथे सिंगापूरला आलं होतं. जूनमध्ये पहिल्याच लढाईत गेलं, एका टॉर्पेडोनं. त्यांनीही लिफ्टच्या खड्ड्यावर टेबलं टाकली होती, वेग ठेवला होता आणि पंखे लावले होते. दीड हजारांहून जास्त माणसं मेली."

डॅनिलोनं छातीवर क्रॉसची खूण केली. जेवणाची सुट्टी झाली आणि तो क्षितिजला घेऊन खाली हॉकर सेंटरला गेला. केळुसकर मागे थांबले, कारण सुलेखा फॉर्म भरत होती आणि त्यांना तो उलटा वाचता येत होता.

"रिपीट?" ते मराठीत म्हणाले. "सुलेखा, पुढची बॅच तीन आठवड्यांनी आहे. माझं जहाज मंगळवारी आहे."

"माहीत आहे, सर."

"त्या पंख्यांवरून?"

"नाही. पंखे बहुतेक सगळेच लावतात. मीही पहिल्यांदा लावले होते." तिनं क्षितिजचं उलटं कार्ड त्यांच्यासमोर सरकवलं. त्यावर छापलं होतं की हवा खेळवणाऱ्या नळांतून वास खाली झिरपू लागलाय आणि ते नळ बॉयलररूमपर्यंत जातात. "हे त्याच्याकडे तुमच्या पंख्यांच्या हुकमाआधी होतं."

केळुसकरांनी कार्ड दोनदा वाचलं. त्यांना राग आला, आणि तो येण्यासाठी क्षितिज सोयीचा होता. "मग बोलला का नाही? तोंडात मूग गिळून बसला. ही हल्लीची पोरं. माझ्या जहाजावर असं कधी झालेलं नाही. माझ्याकडे माणूस येऊन स्पष्ट सांगतो."

सुलेखानं पेन खाली ठेवलं.

"सर, उल्हास आठवतो? आपल्या टँकरवरचा, इंजिनरूममधला मोटरमन."

आठवत होता. दोन नंबरच्या जनरेटरपाशी तेल पेटलं होतं आणि उल्हासचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. पाइपचा क्लॅम्प सैल होता आणि उल्हासनं तो तपासला नव्हता. रिपोर्टमध्ये केळुसकरांनी तसंच लिहिलं होतं, मोटरमनचा निष्काळजीपणा. पुन्हा तो जहाजावर आला नाही.

"तो क्लॅम्प सैल आहे हे मला आदल्या दिवशी दिसलं होतं," सुलेखा म्हणाली.

केळुसकर तिच्याकडे बघतच राहिले. सतरा वर्षं ही बाई दिवाळीला फोन करत होती, अरुणाच्या हातच्या चकल्या खात होती, आणि हे तिच्या पोटात होतं. त्यांचा आवाज चढला. "आणि तू गप्प बसलीस? एका माणसाचे हात गेले, सुलेखा. दोन पावलं टाकून मला येऊन सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "दोनदा."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. त्या टँकरचं त्यांना सगळं आठवत होतं. कुठला पंप कुरकुरायचा, कुठल्या बंदरात सुटे भाग आले नव्हते, आग लागली तेव्हा घड्याळात किती वाजले होते. सुलेखा येऊन काही सांगतेय, एवढंच आठवत नव्हतं. पाचसाब बोलतेय तर त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय असणार, असंच तेव्हा वाटलं असणार. त्यांना लाज वाटली, आणि ती अशी की जेवायला गेलेली माणसं परत येऊ नयेत असं वाटलं.

"रिपोर्टवर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे," ती म्हणाली. "खोटं आहे हे माहीत असताना केली. नोकरी नवीन होती. तुमच्याइतकाच तो दोष माझाही आहे."

केळुसकरांनी तिच्या समोरचा फॉर्म ओढून घेतला. रिपीटच्या चौकटीखाली उमेदवाराच्या सहीची जागा होती. त्यांनी नेहमीसारखी लफ्फेदार सही केली आणि फॉर्म परत दिला. मंगळवारचं जहाज गेलं. आपण पुन्हा कधी इंजिनरूमच्या शिड्या उतरणार नाही, हे त्यांना तेव्हा पूर्णपणे कळलं.

तरी ते उठले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद मागितला, वर कंपनीचं नाव लिहिलं, टँकरचं लिहिलं, वर्ष लिहिलं, खाली 'आगीच्या रिपोर्टमधली दुरुस्ती' असा विषय लिहिला. पुढे पेन अडलं.

"सुलेखा," त्यांनी मान वर न करता विचारलं, "उल्हासचं आडनाव काय गं?"

"पेडणेकर. वेंगुर्ल्याला असतो."

त्यांनी ते लिहून घेतलं.